मॉफचा सेन्सर खाडीच्या पाण्यात चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला मॉफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र चौकट, वापरून पाण्यातलं शिसं इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीने मोजायचं आहे. नमुने ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका नाल्याचे आणि तो जिथे खाडीला मिळतो तिथले. कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला हवं ते व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, आयसीपी (पाण्यातले धातू मोजणारं मोठं यंत्र) नाही. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: कुठला मॉफ घ्यावा, पेपरांतल्या नॅनोमोलर (लिटरला मोलचा अब्जावा भाग) इतकं कमी शिसं मोजल्याच्या दाव्यांवर कितपत भरवसा ठेवावा, आणि हे प्रकरण खाडीच्या पाण्यात चालेल का.

मी महापेच्या बाजूला सांडपाणी तपासणीचं काम करते आणि आयुष्याचा बराच भाग इलेक्ट्रोड घासण्यात गेला आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालेल, पण बहुतेक पेपरांत ज्या पद्धतीने चालवतात तसा नाही. मॉफ हा पकडून ठेवणारा पदार्थ आहे. वीज वाहून नेणं हे त्याचं काम नाही, आणि घाण पाण्यात उणे व्होल्टेजवर तग धरणं हेही बऱ्याच मॉफना जमत नाही. जे त्याला येतं तेवढंच त्याच्याकडून करून घ्या, बाकीचं दुसऱ्यांवर सोपवा.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना याच कामासाठी मिळालं, तेव्हापासून प्रत्येक कॉलेजात निदान एक तरी प्रकल्प मॉफवर आहे. चांगलंच आहे. रचना समजायला सोपी आहे: इमारतीला बांधलेली परांची डोळ्यांसमोर आणा. गाठींच्या जागी धातूचे आयन, बांबूंच्या जागी सेंद्रिय आम्लं किंवा इमिडाझोल, आणि मधली सगळी जागा रिकामी. या रिकाम्या जागेमुळेच एका ग्रॅमला हजार, दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग असे आकडे येतात.

त्या आकड्यांना मात्र भुलू नका. तो पृष्ठभाग द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, कोरड्या पुडीवर, नायट्रोजनचे रेणू आत सोडून मोजलेला असतो. तुमचं शिसं पाण्यात असतं आणि आपल्याभोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरतं. हा गोतावळा धरला तर त्याची रुंदी साधारण ८ अँगस्ट्रॉम होते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). यूआयओ-६६ आणि झिफ-८ हे दोन मॉफ घ्या, त्यांच्याबद्दल पुढे येईलच: यूआयओ-६६ ची खिडकी ६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, झिफ-८ ची तर ३.४. म्हणजे आत शिरायचं तर शिशाला अंगावरचं पाणी थोडंफार उतरवावं लागतं, नाहीतर ते चौकटीच्या बाहेरच्या अंगाला आणि जिथे बांबू निखळलेत अशा सदोष जागांना चिकटतं. यूआयओ-६६ मध्ये असे दोष भरपूर असतात, आणि बनवताना ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्ल घातलं की ते वाढतात. इथे दोष कामाचेच आहेत, म्हणून आम्ल किती घातलं ते वहीत नीट लिहून ठेवा. दुसऱ्या बॅचमध्ये तेवढेच दोष आले नाहीत तर सेन्सरही तोच राहत नाही.

आता कुठला मॉफ. विद्यार्थी सहसा दोन सोप्या मॉफपाशी जाऊन थांबतात, आणि शिशासाठी दोन्ही नकोत.

पहिला एचकेयूएसटी-१, १९९९ सालचा, तांबं आणि ट्रायमेसिक आम्लाचा. दिसायला देखणा. नीट सुकवलेली पूड गडद, जांभळट निळी असते. जुलैत नवी मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये डेसिकेटरचं झाकण जरा वेळ उघडं ठेवा, डोळ्यांदेखत ती आकाशी होत जाते. हवेतलं पाणी तांब्यावर जाऊन बसतं त्याचा हा रंग. दमट हवेने इतकं होतं, मग पाण्यात बुडवून ठेवल्यावर काय होणार? हळूहळू चौकट ढासळते. पण खरी अडचण पुढेच आहे. शिसं मोजायला आपण ॲनोडिक स्ट्रिपिंग करतो: उणे १.२ व्होल्टवर काही वेळ धरून शिसं इलेक्ट्रोडवर धातूच्या रूपात बसवायचं, मग व्होल्टेज वर नेत ते विरघळवायचं आणि करंटचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, मोजायचा. उणे १.२ व्होल्टवर चौकटीतलं तांबं गप्प बसेल असं वाटतं का? तेही धातू होतं. स्कॅन शून्याच्या आसपास गेला की तांब्याचा भलामोठा पीक येतो, आणि त्या इलेक्ट्रोडवर मॉफ उरलेला नसतो, तांब्याचा थर असतो. त्यावर शिशाचा पीक चांगला आला तरी श्रेय छिद्रांना देता येत नाही.

दुसरा झिफ-८. हा कॉलेजांचा लाडका, कारण भट्टी लागत नाही आणि ऑटोक्लेव्हही लागत नाही. मिथेनॉलमध्ये झिंक नायट्रेट आणि २-मिथाइलइमिडाझोलची द्रावणं एकत्र केली की काही मिनिटांत दुधाळ होतं, सेंट्रिफ्यूज केलं की झालं. उदासीन, साध्या पाण्यात तो बऱ्यापैकी टिकतो. पण स्ट्रिपिंगसाठी आपण वापरतो तो ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ४.५ पीएचचा, आणि आम्लात झिफ-८ विरघळतो. म्हणजे ज्या बफरात शिशाचा पीक सगळ्यांत सुरेख येतो, त्याच बफरात तुमचा मॉफ संपतो. इथेच पाणी मुरतं. पेपरात इलेक्ट्रोडचे फोटो आधीचे असतात, नंतरचे नसतात. पीएच वाढवून ७ चा फॉस्फेट बफर घेतला तरी सुटका नाही, फॉस्फेटही झिफ-८ ला खातं.

म्हणून माझं मत: यूआयओ-६६, आणि त्यातही अमाइन, म्हणजे शिसं धरणारा नायट्रोजनचा गट, असलेला. झिर्कोनियमच्या गाठी, अमिनोटेरेफ्थॅलिक आम्लाचे बांबू. मूळ यूआयओ-६६ ऑस्लो विद्यापीठात झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. झिर्कोनियम पाण्यातल्या कुठल्याही वापरण्याजोग्या व्होल्टेजला धातू होत नाही, त्यामुळे चौकटीचा स्वतःचा पीक येत नाही. आम्लात तो मजबूत आहे, अल्कलीत कच्चा. फॉस्फेट त्यालाही चालत नाही, झिर्कोनियमला फॉस्फेट फार प्रिय. त्यामुळे फॉस्फेट बफर कपाटातच राहू द्या, सगळं काम ॲसिटेटमध्ये करा.

बनवताना बरेच पेपर झिर्कोनियम टेट्राक्लोराइड घेतात. दमट हवेत त्या बाटलीचं बूच काढलं की धूर निघतो, तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा. शिवाय दर वेळी थोडं पाणी शोषलेलं वजन तुम्ही मोजता आणि पुढचं सगळं प्रमाण चुकतं. आपल्या हवेत ऑक्सिक्लोराइड बरं, ते आधीच पाणी घेऊन बसलेलं असतं. सॉल्व्हंट डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), १२० अंशांना एक दिवस, घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा टेफ्लॉनच्या ऑटोक्लेव्हमध्ये. डीएमएफ कातडीतून आत जातं आणि गर्भाला घातक आहे. फ्यूम हुडमध्येच काम करा, हातमोजे घाला, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. आपण प्रदूषण मोजायला निघालोय, निदान तेवढी लाज ठेवू. नंतर मेथनॉलने पुन्हा पुन्हा धुऊन डीएमएफ काढा. ते छिद्रांत राहिलं तर शिशाला जागाच नाही.

मॉफ वीज वाहत नाही हे वर म्हटलं. वाहणारेही आहेत, निकेल किंवा तांब्याचे, पण तुमच्या प्रकल्पात त्यांच्या नादी लागू नका. त्यांचे सेंद्रिय बांबू महाग आणि पुन्हा धातू होण्याचा तोच प्रश्न. साधा उपाय म्हणजे पुडीत कार्बन मिसळणं: कार्बन नॅनोट्यूब, रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड, अगदी ॲसिटिलीन ब्लॅकसुद्धा. करंट कार्बनने न्यायचा, शिसं मॉफने धरायचं.

आणि आता मोजायची पद्धत, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. पेपरांत बहुधा सरळ नमुन्याच्या पाण्यातच बफर मिसळून उणे व्होल्टेज देतात. नळाच्या पाण्यात ते खपतं. खाडीच्या पाण्यात त्या काही मिनिटांत इलेक्ट्रोडवर ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी), तेलाचा अंश, डिटर्जंट असं सगळं बसतं आणि पीक बुटका होतो. त्याऐवजी दोन भांडी ठेवा. पहिल्यात नमुना, पीएच ५.५ च्या आसपास आणलेला. त्यात इलेक्ट्रोड बुडवून, पोटेन्शिओस्टॅट न जोडता, नुसतं ढवळत दहा मिनिटं ठेवा. मॉफ त्याच्या गुणाने शिसं धरतो. मग इलेक्ट्रोड बाहेर काढा, डिस्टिल्ड पाण्याने हलक्या धारेने धुवा, आणि दुसऱ्या भांड्यात ठेवा: स्वच्छ ॲसिटेट बफर, पीएच ४.५, त्यात लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम बिस्मथ. इथे उणे १.२ व्होल्ट द्या, मग स्क्वेअर वेव्हने, म्हणजे व्होल्टेजचे छोटे चौकोनी झटके देत, वर या. शिशाचा पीक सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.५५ च्या आसपास येईल, कॅडमियम असलं तर त्याचा उणे ०.८ जवळ. खाडीचं पाणी मोजणीच्या भांड्यात आलंच नाही, त्यामुळे मीठ, ह्युमिक आम्लं, गाळ यांची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. प्रत्येक मोजणीनंतर इलेक्ट्रोड अधिक ०.३ व्होल्टवर धरून साफ करा आणि कोऱ्या बफरात एक स्कॅन घेऊन शिसं उरलेलं नाही याची खात्री करा.

पीएच ५.५ का? त्याहून बराच खाली गेलात तर अमाइनवर हायड्रोजन बसतो आणि ते शिसं धरत नाही. ७ च्या वर शिसं हायड्रॉक्साइड होऊन साक्याबरोबर खाली बसायला लागतं. मधली पट्टी अरुंद आहे, म्हणून पीएच मीटर रोज कॅलिब्रेट करा.

बिस्मथबद्दल थोडक्यात: रसायनशास्त्रज्ञ हेरॉव्हस्कींनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबावर पोलॅरोग्राफी, म्हणजे व्होल्टेज बदलत करंट मोजण्याची पद्धत, सुरू केली, तेव्हापासून या क्षेत्रात पाराच चालत आला होता. २००० साली बिस्मथचा थर पाऱ्याची जागा घेऊ शकतो हे दाखवलं गेलं, आणि विषारी धातू मोजायला त्याहून विषारी धातू वापरायची वेळ टळली.

आता तुमचं पाणी. नाला खाडीला मिळतो त्या जागी एकच जागा, एकच बाटली, पण भरतीला आणि ओहोटीला पाणी वेगळं. भरतीला समुद्राचं पाणी वर चढतं; निव्वळ समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं. ओहोटीला जवळजवळ नाल्याचंच पाणी. पावसाळ्यात दोन्ही पातळ. शिशाच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे लाखो आयन त्याच जागांसाठी रांगेत उभे असतात. अमाइनला मॅग्नेशियम-कॅल्शियम फारसं आवडत नाही हे आपलं नशीब, पण तांबं आवडतं, शिशापेक्षाही जास्त. म्हणून दुसरे आयन मोजणीत ढवळाढवळ करतात का ते तपासताना सोडियम-पोटॅशियमची यादी वाचून दाखवू नका, ती कुणालाच त्रास देत नाहीत. दहापट तांबं घालून शिशाचा पीक किती उतरतो ते दाखवा. नमुना घेताना वेळ, भरती-ओहोटी आणि कंडक्टिव्हिटी लिहा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, बाटली हातात घेऊन खारफुटीत उतरू नका.

बाटली पॉलिथिनची, आम्लाने धुतलेली. काचेला शिसं चिकटतं. गाळायचं तर ०.४५ मायक्रॉनमधून, आणि मगच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. आधी आम्ल आणि नंतर गाळलंत तर गाळाला चिकटलेलं शिसंही पाण्यात उतरतं, आणि विरघळलेलं किती नि गाळातलं किती हे मग देवालाही सांगता येणार नाही.

यातच एक मोठा घोळ दडलेला आहे. इलेक्ट्रोडला दिसतं ते मोकळं शिसं. ह्युमिक आम्लात किंवा चिखलाच्या कणात अडकलेलं त्याला दिसत नाही. आयसीपीला आम्लात उकळलेला नमुना देतात, तिथे सगळंच मोजलं जातं, आणि कायद्याची मर्यादाही सगळ्यावरच असते. त्यामुळे तुमचा आकडा आयसीपीपेक्षा कमी आला तर सेन्सर बिघडला असं लगेच म्हणू नका. एक भाग तसाच मोजा, एक भाग नायट्रिक आम्लात उकळून, पीएच परत ५.५ ला आणून मोजा. दोन आकड्यांतला फरक हाच तुमच्या प्रकल्पातला सगळ्यांत वाचनीय तक्ता ठरेल.

इलेक्ट्रोड बनवणं कंटाळवाणं आहे, पण निकाल तिथेच ठरतो. ग्लासी कार्बन, ३ मिलिमीटरचा, ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनावर इंग्रजी आठाच्या आकारात घासा, सोनिकेट करा. मग तपासणीसाठी फेरीसायनाइडच्या द्रावणात व्होल्टेज वर-खाली न्या; दोन पीकांमधलं अंतर ७०-८० मिलिव्होल्टवर आलं की पुढे जा, शंभराच्या वर असेल तर पुन्हा घासा. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम पूड अशा शाईचे ५ मायक्रोलिटर पुरेत. जास्त घातलं की पीक वाढेल असं वाटतं, उलट थर जाड होतो, भेगा पडतात आणि सुटून येतो. थेंब सुकताना पूड कडेला जाऊन गोल वळं तयार होतं, मध्ये टक्कल. पालथ्या बीकरखाली सावकाश सुकू द्या, पंख्याखाली नको.

पूड चिकटून राहावी म्हणून त्यात नॅफिऑन हा पॉलिमर घालतात. नॅफिऑनवर सल्फोनेट गट असतात, ऋणभारित. म्हणजे ते स्वतःच शिशाचे आयन धरतं! नुसत्या नॅफिऑनचा इलेक्ट्रोड चांगला पीक देतो आणि श्रेय मॉफ लाटतो. तेव्हा कोरा कार्बन, नॅफिऑन लावलेला, नॅफिऑन आणि नॅनोट्यूब लावलेला, आणि पूर्ण मिश्रणाचा, असे चारही इलेक्ट्रोड एकाच दिवशी, एकाच द्रावणात मोजा. मी परीक्षक असले तर पहिला प्रश्न हाच विचारेन.

मॉफ शाबूत आहे का ते तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पूड तुमच्या बफरात आणि गाळलेल्या खाडीच्या पाण्यात दोन-दोन तास ढवळत ठेवा, गाळा, आणि वरचं स्वच्छ पाणी यूव्हीमध्ये घाला. अमिनोटेरेफ्थॅलेट सुटलं असेल तर ३३० नॅनोमीटरच्या आसपास दिसेल. गाळलेली पूड सुकवून एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायला, पाठवा. तांब्याच्या किरणांनी यूआयओ-६६ च्या पहिल्या दोन रेषा ७.४ आणि ८.५ अंशांना असतात. त्या बसक्या किंवा रुंद झाल्या असतील तर समजून जा.

नॅनोमोलर दाव्यांचं काय? पुष्कळ दावे खोटे नसतात, निरुपयोगी असतात. कोऱ्या बफरातल्या गोंगाटाची तिप्पट भागिले उतार, असा हिशोब करून मर्यादा काढतात. पेपर हातात आला की त्यात प्रत्यक्ष मोजलेलं सगळ्यांत पातळ द्रावण कुठलं ते बघा. दाव्याची मर्यादा त्याच्या दहावा हिस्साही नसेल तर तो आकडा कागदावरचा. आणि तुम्हाला गरज किती आहे तेही बघा. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर. सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचं तर ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या दहापट. खाडी-समुद्राच्या किनारपट्टीला २ मिलिग्रॅम. नाल्याच्या पाण्यासाठी पिकोमोलर सेन्सर कशाला हवा? तिथे हवी ती रुंद पट्टी, साधारण २० पासून १०,००० नॅनोमोलरपर्यंत, आणि वरच्या टोकाला मॉफच्या जागा भरून रेघ वाकते कुठे, ते ठाऊक असणं.

स्टँडर्ड ॲडिशनशिवाय खाडीच्या नमुन्याचा आकडा लिहू नका. नमुन्यातच शिसं वाढवत तीन-चार बिंदू घ्या, रेघ मागे नेऊन छेद काढा. बफरात काढलेला उतार खाडीच्या पाण्याला लागू पडत नाही. दोन उतारांचं गुणोत्तर तक्त्यात दिलंत तर पाण्याने किती खाल्लं ते वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

आयसीपी नाही याची काळजी करू नका. पवईला आयआयटीत सैफ ही उपकरणांची सामायिक सुविधा आहे, तिथे बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात, एक्सआरडीचंही तिथे विचारून बघा. रबाळे-महापे भागात मान्यताप्राप्त खासगी लॅबही आहेत. सगळे नमुने पाठवायची गरज नाही. भरतीचे दोन, ओहोटीचे दोन आणि ज्यात तुम्ही स्वतः ठाऊक प्रमाणात शिसं घातलंय असा एक, तो कुठला हे लॅबला न सांगता. त्या शेवटच्या नमुन्याचा आकडा आधी उघडा. तो जुळला तरच बाकीच्या चारांशी स्वतःचे आकडे ताडून बघायला बसा.